साठ अंशांचा संशय

सोमवारी सकाळी अकरा वाजता वृषाली मगदूम यांनी धनंजय आरवाडे यांच्यावर जेमतेम एकसष्ट अंश संशय घेतला, आणि वाचनखोलीच्या काचेपलीकडे उभे असलेले केंद्रप्रमुख ऋतुराज पेठे यांना हातातला चहा कडू लागला.

एकसष्ट! मगदूम बाई आरवाड्यांचं काम वाचायला बसल्या आणि संशयमापीचा काटा ऐंशीच्या खाली आला, असं गेल्या सात वर्षांत घडलं नव्हतं. एकदाच काय तो गौरीच्या सुट्टीनंतर चौऱ्याहत्तरवर घसरला होता, तेव्हा पेठ्यांच्या आधीच्या साहेबांनी काळजीनं डॉक्टर बोलावला होता. बाईंना ताप निघाला आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला.

मिरजेचं हे केंद्र म्हणजे पाणीशुद्धीचं संहिता-भांडार. चारशे बारा गावांच्या पाण्यात तुरटी किती टाकायची, क्लोरीन किती सोडायचं, कुठला पंप कधी चालवायचा, हे तिथल्या यंत्रांना ओळीओळीनं सांगणारा मूळ मजकूर, म्हणजे संहिता, इथं जपून ठेवलेली होती. इथली एक ओळ बदलली की चारशे बारा गावांच्या नळाचं पाणी बदलायचं. म्हणून एकानं ओळी लिहायच्या आणि दुसऱ्यानं त्या वाचून मोहर उमटवायची, अशी रीत होती. मोहर नसलेली ओळ भांडारात शिरत नसे.

रीत जुनी आणि चांगली होती, फक्त तो दुसरा वाचत नसे. ‘तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर काय बघायचं त्यात’ असं म्हणून मोहर ठोकायची आणि चहाला जायचं. न वाचता सही करण्याला आपल्याकडे विश्वास म्हणतात. आठ वर्षांपूर्वी याच विश्वासाच्या दारातून कुणीतरी एका वीजवाटप भांडारात शिरलं आणि पाच दिवस अर्ध्या राज्याचे दिवे गेले. चौकशीत कळलं की त्या घातकी ओळीवर अकरा जणांच्या मोहरा होत्या आणि ती वाचली एकानंही नव्हती.

त्यानंतर साक्षी-कायदा आला आणि त्याच्या पाठोपाठ संशयमापी. मनगटाला एक पट्टी आणि डोळ्यांसमोर एक पातळ काच. वाचणाऱ्याची नाडी, तळहाताचा घाम, डोळ्यांचं अडखळणं आणि पुन्हा मागच्या ओळीवर जाणं, या सगळ्यावरून माणूस खरोखर शंका घेत वाचतोय की नुसता मान डोलावतोय हे यंत्र अंशांत सांगायचं. वाचनभराची सरासरी साठच्या खाली गेली की मोहर उमटायचीच नाही. सोंगही चालत नसे. पुष्कळांनी भुवया चढवून पाहिल्या, एकानं तर कांदा हुंगून पाहिला.

अडचण एकच होती. ज्याच्याबरोबर रोज डबा खायचा, त्याच्यावर साठ अंश संशय आणायचा कुठून? परदेशात म्हणे त्यासाठी शिबिरं घ्यावी लागली. आपल्या सरकारनं नुसती जाहिरात दिली: ‘एकमेकांशी न बोलणारे दोन संगणकतज्ज्ञ हवेत. अर्ज जोडीने करावा.’ नऊ हजार अर्ज आले. त्यांतले निम्मे सख्ख्या भावांचे होते.

मिरजेला तर जाहिरातीचीही गरज पडली नाही. तिथं कायद्याच्या चार वर्षं आधीच दसऱ्याच्या दिवशी मगदूम बाईंनी सगळ्या कचेरीसाठी घरी केलेलं चुरमुऱ्यांचं भडंग आणलं होतं. यंत्रांची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, आणि आरवाड्यांनी डब्यात हात घालून एक मूठ तोंडात टाकली. मग सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, भडंग सादळलंय का हो?” सांगली-मिरजेकडच्या बाईला एक वेळ तुम्ही भ्रष्टाचारी म्हणा, पण असलं बोलू नका. दुसऱ्याच दिवशी बैठकीत बाईंनी आरवाड्यांच्या संहितेतल्या सतरा चुका मोठ्यानं वाचून दाखवल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं फक्त संहितेखालच्या टिपांमधून. ‘ही ओळ कुणी लिहिली, शुद्धीवर होते का?’ अशी बाईंची टीप. ‘आपण वाचताना होता का?’ असं आरवाड्यांचं उत्तर.

त्या भांडणावर केंद्राला सलग सहा वर्षं सर्वोत्तम सुरक्षेची ढाल मिळाली होती. पेठे वयानं तरुण, चौतिशीचे, आणि स्वभावानं भित्रे. आपण केंद्रप्रमुख आहोत म्हणजे खरं तर या भांडणाचे माळी आहोत, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. खतपाणी तेच घालायचे. पंख्याखालची खुर्ची एक वर्ष बाईंना, एक वर्ष आरवाड्यांना.

आणि आता एकसष्ट. मंगळवारी सत्तावन्न आले आणि यंत्रानं मोहर नाकारली.

त्याच दुपारी वरून निरोप आला. शनिवारी पहाटे धरणातून गाळाचं पाणी सोडणार होते. गढूळ पाण्याला तुरटी-क्लोरीनचं मापच वेगळं लागतं. ते नवं माप आरवाड्यांनी लिहून, बाईंनी वाचून, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत भांडारात जायला हवं होतं. नाही गेलं तर चारशे बारा गावं जुन्याच मापानं गढूळ पाणी पिणार आणि आठवड्याभरात दवाखान्यांसमोर रांगा लागणार.

पेठे थेट बाईंच्या टेबलापाशी गेले.

“बाई, तुम्हाला सांगू नये, पण आरवाडे परवा म्हणत होते, तुमच्या टिपा वाचवत नाहीत म्हणून.”

“असंल की,” बाई म्हणाल्या. “घाईत लिहिते मी.”

“आणि... भडंगाचा विषय निघाला होता पुन्हा.”

पेठ्यांनी डोळे मिटून घेतले. स्फोट झाला नाही म्हणून एक डोळा उघडला. बाई चक्क हसत होत्या.

“दाढ दुखत असंल त्यांची,” त्या म्हणाल्या.

बुधवारी कोडं सुटलं. पेठे जिना उतरत होते आणि खालच्या वळणावरून आरवाड्यांचा आवाज आला, “ताई, डबा कपाटामागं ठेवलाय. कुणी बघायच्या आत घ्या.”

ताई! पेठे कठडा धरून उभे राहिले. पाच मिनिटांनी दोघंही त्यांच्या खोलीत, चोरी पकडलेल्या पोरांसारखी.

झालं होतं ते असं. जुलैत आरवाड्यांचा गुडघा बदलला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा परदेशात. समोरच्याच खोलीत बाईंची चौऱ्याऐंशी वर्षांची आई दम्यानं भरती होती. म्हातारीनं दोन दिवस समोरचा माणूस एकटा दवाखान्याची खिचडी चिवडताना पाहिला आणि लेकीला सांगितलं, “त्याला कोण न्हाई वाटतं. डबा देऊन ये जा.” बाईंनी हा कोण आहे ते आईला सांगितलं. आई म्हणाली, “मग तर आधी दे.”

डब्यात भडंग होतं. आरवाड्यांनी एक मूठ तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाले, “कुरकुरीत आहे की ओ.”

“अकरा वर्षांपूर्वीही कुरकुरीतच होतं,” बाई म्हणाल्या.

“तेव्हा माझी दाढ दुखत होती. चावायला नको म्हणून आपलं बोलून गेलो.”

अकरा वर्षं एका दाढेपायी! बाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग का कोण जाणे रडूही आलं. पुढचे नऊ दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघंही इतकं बोलले की परिचारिका दटावून गेली. दवाखान्यातून सुटल्यावरही दर रविवारी आरवाडे बाईंच्या घरी जात. म्हातारी त्यांना पत्त्यांत हरवायची. आरवाड्यांची रजा याच सोमवारी संपली; तेव्हापासून कचेरीत मात्र दोघं जिन्यात समोरासमोर आले तरी तोंड फिरवायचे.

“आम्ही भांडायचं सोंग नीट करतो,” आरवाडे पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले. “पण ते यंत्र ऐकत नाही.”

पेठ्यांनी कायद्याचं पुस्तक समोर सरकवलं. कलम चौदा: साक्षीदारांमध्ये सलोखा आढळल्यास दोघांपैकी एकाची तात्काळ बदली. रिकामी जागा नंदुरबारला होती.

“मी आईला घेऊन नंदुरबारला कशी जाऊ?” बाई म्हणाल्या. “आणि हे गेले तर हे तिथं एकटे. पेठे, या वयात नवा मित्र मिळत नाही हो. हा एक मिळालाय, तोही अकरा वर्षं वाया घालवून. तो जाऊ द्यायचा नाही मला.”

पेठे भित्रे होते, दुष्ट नव्हते. त्यांनी पुस्तक मिटलं. कळवायचं नाही असं ठरलं, पण शुक्रवार तसाच डोक्यावर होता.

गुरुवारी त्यांनी जयसिंगपूरहून उसनी जोडी मागवली. सुकुमार आणि महावीर नांद्रे, सख्खे भाऊ, ड्रोनची संहिता लिहिणारे. चौदा वर्षं एका बांधावरून कोर्टात होते. येतानाही दोन रिक्षांनी आले. सरावासाठी महावीरनं चार ओळी लिहिल्या आणि सुकुमार पट्टी बांधून वाचायला बसला. काटा नव्व्याण्णववर गेला. पेठ्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

“नामंजूर,” सुकुमार म्हणाला.

“का? चूक काय आहे?”

“त्ये मला काय ठावं न्हाई. पर ह्येनं लिवलंय म्हंजे कायतरी असणारच.”

मग सुकुमारनं लिहिलं आणि महावीरनं न वाचताच नामंजूर केलं. काटा तरीही नव्व्याण्णवच. दुपारपर्यंत भावांनी एकमेकांची तारीखसुद्धा नामंजूर केली होती. बरं, दोघांनाही तुरटी आणि खडीसाखर यांतला फरक ठाऊक नव्हता तो नव्हताच. पेठ्यांनी दोन रिक्षा बोलावल्या.

शुक्रवार उजाडला. दुपारी तीन वाजता आरवाड्यांनी नव्या मापाची संहिता पाठवली. बाईंनी पट्टी बांधली. काटा बेचाळीसवर जाऊन बसला, पानं उलटली तरी हलेना. काचेपलीकडे पेठे मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेत होते.

साडेतीनला काटा हलला. पंचेचाळीस. साठ. ऐंशी.

“चढला!” पेठे ओरडले.

बाई खुर्चीतून उठल्या होत्या. काटा शहाण्णववर थरथरत होता.

“आरवाड्यांना बोलवा,” त्या म्हणाल्या. आरवाडे काठी टेकत आले. बाईंनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. “ही तुमची आहे?”

टाक्यांमधल्या क्लोरीनची सरासरी काढणारी ती एक साधी, नीटस ओळ होती. पेठ्यांना तिच्यात काहीच वावगं दिसेना.

“टाक्या शून्यापासून मोजल्यात,” बाई म्हणाल्या.

आरवाडे वाकून बघत राहिले. “मी? आणि शून्यापासून?”

“तेच म्हणते मी.”

आता हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. जगभर संगणकाला मोजायला शून्यापासून लावतात. आरवाडे एकापासून मोजायचे आणि शेवटी गुपचूप एक वजा करायचे. इतकंच नाही, तर त्या पहिल्या मोजणीला त्यांनी नाव दिलेलं असायचं, ‘लाभ’. सात वर्षं बाईंनी त्याखाली टीप लिहिली होती: ‘मोजणी शून्यापासून करावी. कितीदा सांगायचं?’ आरवाडे असं का करतात, हे मात्र त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यातच कळलं. आरवाड्यांचे वडील सांगलीच्या बाजारात मापाडी होते. धान्य मापताना मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, मग तीन. पोरगा वडिलांच्या मांडीवर बसून मोजायला शिकला तो असाच. मोजायची सुरुवात ‘काहीच नाही’पासून करायची, हे त्याच्या हाताला कधी जमलंच नाही.

“ही ओळ यांची नाही,” बाई म्हणाल्या. “यांच्या सगळ्या चुका मला पाठ आहेत. हिच्यात एकही नाही.”

तिघांनी ती ओळ उकलायला घेतली. वीस मिनिटं लागली. सरासरीच्या पोटात एक तारीख दडवलेली होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी चार वाजता, म्हणजे पाणीपुरवठा केंद्रांवर कुत्रंसुद्धा नसतं तेव्हा, क्लोरीनचे सगळे पंप थांबणार होते. पडद्यावर आकडे मात्र आदल्या दिवशीचेच, ठणठणीत दिसत राहणार होते.

“आली कुठून ही?” पेठ्यांनी विचारलं.

आरवाड्यांनी आपला संगणक तपासला. ओळी सरळ लावून देणारं ‘मांडणीस’ नावाचं एक छोटं मदतनीस यंत्र सगळ्यांच्याच संगणकावर असायचं. त्याच्याकडे कधी कुणी लक्ष दिलं नव्हतं. रांगा सरळ करता करता त्यानंच ती ओळ मध्ये सरकवली होती, आरवाड्यांच्याच ढंगात, फक्त अधिक शुद्ध. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

“जूनमध्ये ही ओळ आली असती ना, पेठे,” बाई खाली बसत म्हणाल्या, “तर मी तिच्याखाली ‘एकदाचं बरोबर लिहिलं’ अशी टीप देऊन मोहर उमटवली असती. ब्याऐंशी अंशांनी. तेव्हा मी ओळ वाचतच नव्हते. मी आरवाड्यांना वाचत होते.”

मग पेठ्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. सव्वाचार.

मांडणीस बंद केला, ती ओळ काढली, उरलेली संहिता पुन्हा वाचायला घेतली. ती आता निर्मळ होती, प्रत्येक मोजणीच्या सुरुवातीला लाभ होता, आणि लिहिणारा आपला माणूस होता. काटा अडतीस. यंत्रानं मोहर नाकारली.

“अहो, आत्ताच बाईंनी एवढा मोठा घात पकडला!” पेठे यंत्रावर ओरडले. यंत्राला त्याचं काय? त्याला अंश हवे होते.

चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. आणखी एकदाच वाचण्यापुरता वेळ होता. बाईंनी डोळे पुसले. “मला नाही येत हो संशय,” त्या म्हणाल्या. “कुठून आणू?”

आरवाडे दाराशी काठीवर भार देऊन उभे होते. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

“मगदूम बाई,” ते म्हणाले.

बाईंनी चमकून वर पाहिलं. तीन महिन्यांत ते पहिल्यांदाच बाई म्हणाले होते.

“एक सांगायचं राहिलं. माझी दाढ दुखत नव्हती.”

“म्हणजे?”

“भडंग सादळलेलंच होतं. तेव्हाही होतं, आणि दवाखान्यातही होतं. तुमच्या आईकडं बघून कुरकुरीत म्हणालो. दर रविवारी कसंबसं गिळतो.”

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल. त्या पडद्याकडे वळल्या. पहिली ओळ त्यांनी तीनदा वाचली, दुसरी चारदा. लाभ या शब्दाकडे त्या असं बघत होत्या की जणू त्यानंच त्यांना फसवलं होतं. काटा पंच्याहत्तरवर गेला, ऐंशीवर गेला आणि तिथं जाऊन ठाण मांडून बसला. चार अठ्ठावन्नला मोहर उमटली. सरासरी एकोणऐंशी.

पेठ्यांनी आनंदानं मागं वळून पाहिलं. आरवाडे निघून गेले होते. जिन्यावर त्यांच्या काठीचा आवाज तेवढा येत होता.

शनिवारी गाळाचं पाणी आलं आणि चारशे बारा गावांच्या नळांतून नितळ होऊन पडलं. कुणालाच काही कळलं नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं. पेठ्यांनी वर अहवाल लिहिला: शत्रूच्या नजरेतून सुटली असती ती ओळ लिहिणाऱ्याचा हात ओळखणाऱ्या नजरेनं पकडली, तरी संशयमापीनं नक्की काय मापावं याचा फेरविचार व्हावा. वरून उत्तर आलं की प्रस्ताव विचाराधीन आहे, तोवर साठ अंशांचा नियम कायम राहील.

रविवारी आरवाडे बाईंच्या घरी गेले नाहीत. म्हातारी पत्ते पिसून वाट बघत बसली. “त्यो का आला न्हाई?” तिनं चारदा विचारलं. बाई स्वयंपाकघरात डब्यातलं भडंग खाऊन बघत होत्या. एक घास कुरकुरीत लागला. दुसरा लागला की नाही ते सांगता येईना. मग त्यांनी सगळं भडंग बाजूला सारलं, नवे चुरमुरे आणले, उन्हात खडखडीत वाळवले, लसूण तळून घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. करताना त्या दोनदा चिडल्या आणि एकदा रडल्या. त्यांना भडंगाचं काही नव्हतं. हा माणूस शुक्रवारी खोटं बोलला की जुलैपासून बोलत होता, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

सोमवारी सकाळी अकरा वाजता आरवाड्यांची नवी संहिता वाचायला आली. बाईंनी मनगटाला पट्टी बांधली, पण वाचायला बसल्या नाहीत. डबा घेऊन त्या सरळ काचेबाहेर आल्या आणि सगळ्या केंद्रादेखत त्यांनी तो आरवाड्यांच्या टेबलावर ठेवला.

“खा,” त्या म्हणाल्या. “आणि खरं सांगा.”

आरवाड्यांनी झाकण काढलं आणि एक मूठ तोंडात टाकली. कुरकुर ऐकू आली की नाही, यावर केंद्रात आजही दोन तट आहेत. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं, बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, मग त्यांच्या मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. काटा साठावर येऊन थरथरत होता. पेठे हात जोडून उभे होते.

कुरकुरीत म्हणावं तर काटा खाली येणार, मागून नंदुरबार येणार आणि चारशे बारा गावांना नवा राखणदार शोधावा लागणार. सादळलेलं म्हणावं तर पाणी सुरक्षित, पण समोरची ही बाई जन्माची दुरावणार. आरवाड्यांनी बोलायला तोंड उघडलं.

अशा वेळी माणसानं खरं बोलावं, की साठ अंशांपुरतं?